प्रेझेंटेशनमध्ये आपले ठरलेले रंग एकदाच भरून सगळीकडे कसे वापरायचे? पेस्ट केलं की अर्धे बदलतात, अर्धे तसेच राहतात

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, पॉवरपॉइंटमधल्या रंगांवरून गेले दोन आठवडे डोकं पिकलंय म्हणून इथे विचारते. आम्ही पाच जण मिळून एक मोठं प्रेझेंटेशन करतो, म्हणजे प्रत्येकजण आपापला भाग वेगळ्या फाइलमध्ये करतो आणि शेवटी मी सगळं एका फाइलमध्ये आणते. रंग ठरलेले आहेत, गडद निळा, मोरपंखी आणि पिवळा, तिन्हींचे आकडे सगळ्यांना पाठवलेत, तरी एकत्र केल्यावर जे काय होतं ते बघवत नाही. काही चौकटींचे रंग पेस्ट करताच बदलतात, काही जशाच्या तशा राहतात, चार्ट तर दरवेळी वेगळ्याच रंगात येतात आणि एका जणाने आणखी एक जांभळा घुसवलाय तो कुठून आला त्यालाही माहीत नाही.

मी आत्तापर्यंत काय करायचे ते सांगते. मोअर कलर्समध्ये जाऊन आकडे टाकायचे, मग तो रंग खाली रिसेंट कलर्समध्ये दिसायला लागतो, तिथून पुढे वापरायचा. पण चार-पाच वेगळे रंग इकडचे तिकडचे वापरले की माझे ठरलेले रंग त्या ओळीतून बाहेर पडतात आणि पुन्हा आकडे टाकायचे. ७० स्लाइड आहेत, दर तीन महिन्यांनी हेच काम. मला एवढंच हवंय की रंग एकदा भरायचे, पाचही जणांना मिळायचे, आणि चिकटवलं की बदलायला नकोत. होतं का असं? आणि अर्धे बदलतात अर्धे नाही, ह्याच्यामागे काही नियम आहे का?

---

निळी_शाई

ताई, नियम आहे आणि एकदा कळला की बाकीचं सगळं सोपं आहे. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पॉवरपॉइंटमध्ये एखाद्या चौकटीला रंग दोन प्रकारे लागतो. एक म्हणजे थेट आकडा, लाल इतका हिरवा इतका निळा इतका. दुसरा म्हणजे थीममधला, म्हणजे फाइलसाठी ठरलेल्या रंग आणि फॉन्टच्या संचातला खण. प्रत्येक फाइलच्या थीममध्ये रंगांचे १२ खण असतात, २००७ च्या आवृत्तीपासून असंच आहे, त्याच्या आधी ८ असायचे. चार खण मजकूर आणि पार्श्वभूमीचे (डार्क १, लाइट १, डार्क २, लाइट २), सहा ॲक्सेंट आणि शेवटचे दोन लिंकचे, एक न उघडलेल्या लिंकचा आणि एक उघडून झालेल्या लिंकचा. रंगाची खिडकी उघडली की वर जे दहा खांब दिसतात ते ह्यातले पहिले दहा, लिंकचे दोन तिथे दिसत नाहीत, आणि प्रत्येक खांबाखाली ज्या पाच फिक्या-गडद छटा असतात त्या पॉवरपॉइंट स्वतः काढतं.

आता तुम्ही वरच्या खांबांतून रंग दिलात तर फाइलमध्ये "मोरपंखी" असं लिहिलं जात नाही, "ॲक्सेंट २" असं लिहिलं जातं. ती चौकट दुसऱ्या फाइलमध्ये गेली की ती तिथल्या ॲक्सेंट २ चा रंग घेते. मोअर कलर्स किंवा रिसेंट कलर्समधून दिलात तर आकडा लिहिला जातो आणि तो कुठेही गेला तरी हलत नाही. म्हणजे तुम्हाला ज्या चौकटी बिघडल्यासारख्या वाटतायत त्या खरं तर बरोबर वागतायत, तुमच्या फाइलची थीम पाळतायत, फक्त तुमच्या फाइलच्या खणांत तुमचे रंग नाहीयेत. चार्टचंही तेच. चार्टमधली पहिली मालिका (म्हणजे एक रेघ किंवा एका रंगाचे स्तंभ) ॲक्सेंट १ घेते, दुसरी ॲक्सेंट २, अशी सहापर्यंत, सातव्या मालिकेपासून पुन्हा ॲक्सेंट १ ची वेगळी छटा सुरू होते. तो जांभळाही बहुतेक असाच कुणाच्या तरी थीममधून आला असेल.

तर करायचं काय. डिझाइन टॅबवर जा, उजवीकडे व्हेरिएंट्स आहेत त्याच्या कोपऱ्यातला खालचा छोटा बाण दाबा, कलर्स, आणि यादीच्या एकदम तळाशी कस्टमाइझ कलर्स. बाराच्या बारा खण तिथे येतात, प्रत्येकाच्या बाणावर मोअर कलर्स, कस्टम, आकडे भरा. नवीन आवृत्तीत हेक्स कोडची (तेच तीन आकडे सहा अक्षरांत लिहिलेले) जागा पण आहे. नाव द्या, सेव्ह करा. झालं. हे नाव तुमच्या मशीनवर वर्ड आणि एक्सेलमध्येही दिसायला लागेल, म्हणजे एक्सेलमध्ये केलेला चार्टसुद्धा त्याच रंगात करता येतो.

वाटायचं कसं: त्याच डिझाइन टॅबवर थीम्सच्या यादीच्या तळाशी सेव्ह करंट थीम आहे, त्याने टीएचएमएक्स फाइल तयार होते, ती चौघांना पाठवा, त्यांनी तिथूनच ब्राउझ फॉर थीम्स करून उघडायची. थीमसोबत फॉन्ट पण जातात हे लक्षात ठेवा. फक्त रंगच द्यायचे असतील तर तुमच्या फाइलमध्ये ते आहेतच, समोरच्याने ती उघडायची, कस्टमाइझ कलर्समध्ये जायचं, काही न बदलता नाव देऊन सेव्ह करायचं, की त्याच्याकडेही तो संच कायमचा आला.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, खणांचा क्रम सगळ्यांचा एकच हवा. एकाने मोरपंखी ॲक्सेंट १ मध्ये भरला आणि दुसऱ्याने ॲक्सेंट २ मध्ये, तर दोघांकडे रंग तेच असूनही पेस्ट केल्यावर अदलाबदल होणार. म्हणून हाताने पाच जणांनी पाच वेळा भरू नका, एकाने भरावं आणि फाइल वाटावी.

पेस्ट करताना "यूज डेस्टिनेशन थीम" ठेवा. "कीप सोर्स फॉरमॅटिंग" केलं की समोरच्या फाइलचा सगळा स्लाइड मास्टर, म्हणजे स्लाइडचा मूळ साचा, मागोमाग येतो, पाच जणांचे पाच मास्टर साठतात आणि मग ते निस्तरायला वेगळा दिवस लागतो.

---

घाईगडबड

एवढं सगळं कशाला? मी पहिल्या स्लाइडच्या बाहेर बाजूला रंगांचे छोटे चौकोन करून ठेवतो आणि आयड्रॉपरने तिथून उचलतो. २०१३ पासून आयड्रॉपर आहे, एक क्लिक आणि रंग हजर, आकडेही लक्षात ठेवायला नकोत. माउसचं बटण दाबून धरून खिडकीच्या बाहेर ओढत नेलं तर स्क्रीनवरच्या कुठल्याही गोष्टीचा रंग उचलता येतो, लोगोतून पण. मला तरी कधी अडचण आली नाही.

---

निळी_शाई

@घाईगडबड एकट्याने एक फाइल करायची असेल तर तुमची पद्धत चालते, मी पण घाईत करतो. पण आयड्रॉपर आकडा उचलतो, खण उचलत नाही. चौकोनाला थीमचा रंग असला तरी उचलून लावलेला रंग सुटा आकडाच राहतो. उद्या रंग बदलायचे ठरले की ७० स्लाइडवर हाताने फिरा. त्याऐवजी त्याच चौकोनांवरून फॉरमॅट पेंटर मारा, तो चौकोनाचा खण जसाच्या तसा पुढे नेतो. तुमची चौकोनांची कल्पना चांगली आहे, फक्त हत्यार बदला.

लोगोचं म्हणाल तर जेपीजी असेल तर जपून. जेपीजी दाबून लहान केलेली असते त्यामुळे कडेला एकाच रंगाचे शेजारशेजारचे ठिपके पण थोडे थोडे वेगळे असतात, दोघांनी दोन ठिकाणी टोचलं की दोन वेगळे निळे. ज्याने लोगो केला त्याच्याकडून आकडेच मागून घ्या. आणि छपाईचे चार आकडे दिले, सीएमवायके वाले, तर ते स्क्रीनवर तसेच उतरत नाहीत, स्क्रीनचे आकडे वेगळे मागा.

---

कोरी_पाटी

निळी_शाई दादा, किती स्पष्ट सांगितलंत, खूप खूप आभार. आत्ताच करून बघितलं, नवीन फाइलमध्ये खण भरले, एक जुना चार्ट आणून चिकटवला आणि तो आपोआप आपल्या रंगात आला, मला खरंच विश्वास बसेना.

पण आता खरी अडचण. जुन्या फाइलमध्ये मी स्वतः वर्षभर मोअर कलर्सने रंग दिलेत, म्हणजे सगळे सुटे आकडे. निदान ४० स्लाइड तरी अशा आहेत ज्या पुढेही वापरायच्या आहेत. एकेक चौकट निवडून ॲक्सेंट देत बसायचं का? फॉन्ट जसे रिप्लेस होतात तसे रंग होत नाहीत का? होम टॅबवर रिप्लेस फॉन्ट्स सापडलं पण रंगांचं काही दिसत नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे ह्या तिघांशिवाय विभागांचे म्हणून आणखी नऊ रंग आहेत. सहा ॲक्सेंटमध्ये ते बसणार कसे?

---

दोरा_उलगडा

दोन्हीची उत्तरं फाइलच्या पोटात आहेत. पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते आणि आत साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइली असतात, त्यामुळे रंगांसाठी रिप्लेसचं बटण नसलं तरी आपण मजकूर बदलतो तसे रंग बदलू शकतो. मी हे बऱ्याच वेळा केलंय, पण आधी कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा, ह्यात हयगय नको.

कॉपीच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा, उघडा. आत पीपीटी नावाचं फोल्डर, त्यात स्लाइड्स, त्यात प्रत्येक स्लाइडची एक फाइल. चार्ट वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, मास्टर आणि लेआउटही वेगळे, तिथेही बघावं लागतं. ह्या फाइली मजकुराच्या एडिटरमध्ये उघडल्या की सुटा रंग "एसआरजीबी-सीएलआर" अशा टॅगमध्ये दिसतो आणि पुढे सहा अक्षरांचा हेक्स कोड, समजा तुमचा मोरपंखी ००८०८० असेल तर तोच. थीमचा रंग असेल तिथे टॅग "स्कीम-सीएलआर" असतो आणि पुढे ॲक्सेंट१ असं नाव. (मध्ये मी वाचायला सोपं जावं म्हणून रेघ दिलीय, फाइलमध्ये ती नसते.) सगळ्या फाइलींवर एकदम शोधा-बदला चालवायचं, पहिल्या टॅगच्या जागी दुसरा.

इथे एक खाचखळगा आहे ज्यात बरेचजण अडकतात. टॅग तिथल्या तिथे बंद झालेला असेल तर काही प्रश्न नाही, एका ओळीत बदलतं. पण चौकटीला पारदर्शकता दिलेली असेल तर टॅगच्या पोटात आणखी एक टॅग असतो आणि बंद करणारा टॅग पुढे वेगळा येतो, तोही बदलावा लागतो. एक बदलला एक राहिला की पॉवरपॉइंट फाइल उघडताना दुरुस्ती करू का म्हणून विचारतं. म्हणून शोधताना बंद होणाऱ्या खुणेसकट अख्खा टॅग शोधा, म्हणजे फक्त साधे बदलतील, पारदर्शक थोडेच असतात ते हाताने करा. परत झिप करताना बाहेरचं फोल्डर झिप करू नका, आतल्या सगळ्या गोष्टी निवडून झिप करा, नाहीतर फाइल उघडणारच नाही, आणि शेपूट परत पीपीटीएक्स करा.

हे नको वाटत असेल तर निदान एवढं करा: स्लाइडमधला जो मजकूर लेआउटच्या ठरलेल्या चौकटींमध्ये आहे, शीर्षक, मुद्दे वगैरे, त्याच्यासाठी होम टॅबवरचं रिसेट दाबा, हाताने दिलेले रंग निघून लेआउटचे रंग परत येतात. जागा आणि आकारही मूळ होतात, त्यामुळे दाबल्यावर एकदा नजर टाका. स्वतः काढलेल्या चौकटींना मात्र रिसेट लागू होत नाही.

आता नऊ रंगांचं. थीमच्या एक्सएमएलमध्येच जादा रंगांची एक यादी घालता येते, टॅगचं नाव "कस्ट-सीएलआर-एलएसटी", त्यात प्रत्येक रंगाला नावही देता येतं, आणि मग रंगाच्या खिडकीत थीमच्या रंगांखाली कस्टम कलर्स अशी वेगळी ओळ येते. ५० पर्यंत रंग बसतात. पॉवरपॉइंटच्या कुठल्याही मेनूतून ही यादी भरता येत नाही, हाताने लिहावी लागते, आणि टॅगची जागा ठरलेली आहे, "एक्स्ट्रा-सीएलआर-स्कीम-एलएसटी" च्या नंतर आणि शेवटी "एक्सटी-एलएसटी" असेल तर त्याच्या आधी, इकडेतिकडे टाकलं तर चालत नाही. माउस नेला की तुम्ही दिलेलं नाव दिसतं, "लेखा विभाग", "भांडार" असं काहीही देवनागरीत द्या, चालतं. फक्त हे रंग सुटे आकडेच असतात, थीम बदलली तरी हे बदलणार नाहीत. विभागांच्या रंगांसाठी ते बरंच आहे म्हणा, लेखा विभागाचा रंग कुठेही गेला तरी तोच राहायला हवा.

---

डोळसपणे

वरचे दोघांचे प्रतिसाद तंतोतंत आहेत, ताईंनी ते करावंच. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कोणता रंग कोणत्या खणात. कारण बारा खण भरताना बहुतेकजण आवडीच्या क्रमाने भरतात आणि मग वर्षभर त्याचा त्रास काढतात.

नवीन चौकट काढली की पॉवरपॉइंट तिला कोणता रंग देतं बघा: आत ॲक्सेंट १ आणि वरचा मजकूर लाइट १, म्हणजे पांढरा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. तुमचा पिवळा समजा २५५, १९२, ० असा आहे आणि तो तुम्ही ॲक्सेंट १ मध्ये टाकला तर टीममधला प्रत्येकजण जी जी चौकट काढेल तिच्यात पिवळ्यावर पांढरी अक्षरं येणार. वाचनीयतेचा जो मापदंड जगभर वापरतात, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडात ४.५ : १ इतका फरक लागतो आणि मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंटपासून पुढे किंवा ठळक असेल तर १४ पासून पुढे, ३ : १. काळ्या-पांढऱ्याचा फरक २१ येतो. ह्या पिवळ्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर जेमतेम १.६ येतो, काळं ठेवलं तर १२ च्या पुढे. म्हणजे पिवळा वाईट नाही, तो चौकटीत भरा आणि वर गडद अक्षरं ठेवा, पण पहिल्या खणात नको.

दोरा_उलगडा यांनी मोरपंखी ००८०८० धरलाय, तो पांढऱ्यासोबत ४.८ च्या आसपास जातो, म्हणजे नियमात बसतो पण काठावर. ॲक्सेंट १ ला तो चालेल, त्याहून फिका नको. गडद निळा मी डार्क २ मध्ये घालीन. डार्क १ काळा किंवा काळ्याच्या जवळ, लाइट १ पांढरा, ह्या दोघांना हात लावू नका. काहीजण गडद स्लाइड हव्यात म्हणून डार्क १ मध्ये पांढरा आणि लाइट १ मध्ये काळा भरतात, आणि मग टेबलं, चार्ट, स्मार्टआर्ट सगळीकडे उलटसुलट व्हायला लागतं.

मग उरलेले ॲक्सेंट. इथे मला मनापासून सांगावंसं वाटतं की नुसतं सुंदर दिसतंय म्हणून निवडू नका, कारण बघणाऱ्यांपैकी सगळ्यांना सारखं दिसत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बायकांत अर्धा टक्का. इतर वंशांत प्रमाण कमी-जास्त असतं पण असे लोक सगळीकडे असतात, आणि सभागृहात शंभर माणसं असतील तर त्यात काहीजण असणारच, ते हात वर करून सांगत नाहीत. माझा एक सहकारी कित्येक वर्षं आमचे चार्ट "बाजूच्याला विचारून" वाचत होता, कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, तेव्हापासून मी ह्याबाबत आग्रही झालोय.

ह्याच्यासाठी तयार संच आहेत. मासाताका ओकाबे आणि केई इतो ह्या दोघांनी आठ रंगांचा संच दिलाय, काळा धरून, त्यातला शेंदरी २१३, ९४, ०, आकाशी ८६, १८०, २३३, निळा ०, ११४, १७८, हिरवा ०, १५८, ११५, केशरी २३०, १५९, ०. दृष्टीदोष असलेल्यांनाही वेगळे ओळखता यावेत म्हणूनच ते निवडलेत. सगळे घ्यायची गरज नाही, तुमच्या मोरपंखी आणि पिवळ्याच्या जोडीला आकाशी आणि शेंदरी घेतलेत तर चांगलं जमेल, आणि एक राखाडी ठेवाच. राखाडी हा सगळ्यात उपयोगी रंग आहे, चार्टमध्ये एका मालिकेकडे लक्ष वेधायचं असेल तर बाकीच्या सगळ्या राखाडी करायच्या. ११८, ११८, ११८ घ्या, पांढऱ्यावर ४.५ च्या किंचित वर जातो, त्यामुळे तळटीपांच्या अक्षरांनाही चालतो. नकाशे किंवा कमी-जास्त दाखवणारे चार्ट करायचे असतील तर कलरब्रुअर म्हणून साइट आहे, सिंथिया ब्रुअर ह्या नकाशाशास्त्राच्या प्राध्यापिकेची, तिथे एकाच रंगाच्या चढत्या छटा मिळतात.

एक प्रयोग सांगतो. २०१३ नंतर बरीच वर्षं ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये जे ॲक्सेंट होते त्यातला केशरी २३७, १२५, ४९ आणि हिरवा ११२, १७३, ७१. रंगीत स्क्रीनवर बघितलं तर दोघांत गफलत होणं शक्यच नाही असं वाटतं. आता व्ह्यू टॅबवर ग्रेस्केल दाबा. दोघांचा उजेड जवळजवळ सारखा आहे, पांढऱ्याशी फरक काढला तर एकाचा २.८ आणि दुसऱ्याचा २.७, त्यामुळे दोन्ही रेषा एकाच राखाडी रंगाच्या होतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापलं तरी तेच. म्हणून आपला संच पक्का करायच्या आधी सहा मालिकांचा खोटा चार्ट काढा आणि ग्रेस्केलमध्ये बघा. शेजारशेजारचे ॲक्सेंट उजेडातही वेगळे हवेत, एक गडद एक फिका असे आलटूनपालटून भरले की दोन मालिकांचे चार्ट आपोआप वाचनीय होतात.

प्रोजेक्टरवर पण एकदा बघाच. खिडकीत खांबाखाली ज्या फिक्या छटा येतात त्यातली ८० टक्के हलकी तर उजेडाच्या खोलीत पडद्यावर दिसतच नाही, टेबलच्या ओळींना ती दिली असेल तर टेबल कोरं दिसतं.

---

ढगातली_फाइल

आमच्याकडे सगळं गूगल स्लाइड्सवर चालतं म्हणून त्यांच्यासाठी भर घालते. तिथेही थीमचे रंग असतात, व्ह्यू मेनूत थीम बिल्डर उघडायचा, डावीकडे सगळ्यात वरचा मास्टर निवडायचा आणि वर कलर्सवर क्लिक करायचं, उजवीकडे रंगांची पट्टी येते, मजकूर-पार्श्वभूमीचे चार, ॲक्सेंट सहा आणि लिंकचा एक. रंग भरायच्या खिडकीत खाली जे अधिकचं चिन्ह आहे त्याने टाकलेले कस्टम रंग त्या फाइलपुरतेच असतात आणि तेही सुटे आकडे, वर निळी_शाई यांनी सांगितलेलाच प्रकार. दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचे असतील तर थीमच्या पट्टीत तळाला इम्पोर्ट थीम आहे, आपली जुनी फाइल निवडायची. आम्ही फक्त थीम असलेली एक रिकामी फाइल करून ठेवलीय, तिला कुणी हात लावत नाही, प्रत्येक नवीन काम तिची कॉपी करूनच सुरू करतो.

---

मोकळा_पर्याय

लिबरऑफिस इम्प्रेसवाले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात, एरिया डायलॉगमध्ये रंगाचे आकडे टाकून ॲड केलं की तो कस्टम नावाच्या पॅलेटमध्ये जातो. दुसऱ्याला द्यायचं तर पॅलेटची एसओसी फाइल असते, ती त्याच्या प्रोफाइलमधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये टाकायची आणि प्रोग्राम बंद करून चालू करायचा. हे रंग मशीनवर असतात, फाइलमध्ये नाही, त्यामुळे नवीन मशीन घेतलं तर ती फाइल आठवणीने न्या, माझी एकदा राहून गेली होती आणि सगळे आकडे जुन्या स्लाइडवरून एकेक करून काढावे लागले.

---

कोरी_पाटी

आज दिवसभर बसून केलं, कळवते म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

खण असे भरले: डार्क २ गडद निळा १०३०५०, लाइट २ अगदी फिका राखाडी, ॲक्सेंट १ मोरपंखी, २ पिवळा, ३ राखाडी, ४ आकाशी, ५ शेंदरी आणि ६ मध्ये एक गडद जांभळा, तो ज्याने घुसवला होता त्यालाच शेवटी इतका आवडला की ठेवला. ग्रेस्केलमध्ये मोरपंखी आणि राखाडी जवळजवळ सारखेच दिसतात हे लगेच कळलं, पण राखाडी आम्ही फक्त मागे ढकलायच्या मालिकेला वापरणार आणि रेषेवरच नाव लिहिणार, बाजूच्या खुणांच्या यादीवर विसंबणार नाही.

४० स्लाइडचं एक्सएमएल दोरा_उलगडा यांच्या पद्धतीने बदललं. पहिल्यांदा फाइल उघडली नाही, बाहेरचं फोल्डरच झिप झालं होतं, दुसऱ्या वेळी बरोबर झालं. तीन रंगांचं शोधा-बदला मिळून पाऊण तास लागला, हाताने केलं असतं तर दोन दिवस गेले असते. पारदर्शक चौकटी अकरा निघाल्या, त्या हाताने केल्या. विभागांच्या नऊ रंगांची ओळ पण आली, नावांसकट, सगळ्यांना इतका आनंद झाला की काय सांगू.

एकच राहिलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीची स्लाइड आम्हाला गडद निळ्या पार्श्वभूमीची हवीय. आत्ता मी एक मोठा निळा चौकोन काढून मागे टाकलाय आणि अक्षरं हाताने पांढरी केलीत. ह्यालाही खणांचा रस्ता आहे का?

---

निळी_शाई

आहे. तो चौकोन काढून टाका. डिझाइन, व्हेरिएंट्सचा तोच बाण, बॅकग्राउंड स्टाइल्स. तिथे बारा नमुने दिसतील, दोन खांब फिके आणि दोन गडद, आणि गडद खांबांपैकी एक तुमच्या डार्क २ चा असेल. आधी स्लाइड निवडून ठेवा, नमुन्यावर राइट क्लिक करून अप्लाय टू सिलेक्टेड स्लाइड्स, नुसतं क्लिक केलंत तर बाकीच्या स्लाइडवरही लागू शकतं. मजकूर आपोआप पांढरा होईल, कारण पार्श्वभूमी गडद झाली की डार्क आणि लाइट खणांची अदलाबदल पॉवरपॉइंट स्वतः करतं. तुम्ही हाताने पांढरा केलेला मजकूर मात्र आधी रिसेट करा. वारंवार लागणार असेल तर स्लाइड मास्टरमध्ये जाऊन सेक्शन हेडरच्या लेआउटलाच हे द्या, म्हणजे पाचही जणांना तो लेआउट निवडला की गडद स्लाइड मिळेल.

---

डोळसपणे

त्या गडद स्लाइडवर एक सांभाळा ताई. तुमच्या १०३०५० वर मोरपंखी अक्षरं लिहिलीत तर फरक फक्त २.८ येतो, मोठ्या मजकुराच्या ३ मध्ये पण बसत नाही. पिवळा तिथे ८ च्या वर जातो. शीर्षक पांढरं आणि ठसवायचा शब्द पिवळा ठेवा, मोरपंखी त्या स्लाइडवर नकोच.

---

कोरी_पाटी

केलं दोन्ही. सेक्शन हेडरचा लेआउट गडद केला, मोरपंखी काढून तिथे ॲक्सेंट २ दिला आणि थीमची फाइल पुन्हा सेव्ह करून चौघांना पाठवली. त्यातल्या एकाने संध्याकाळी आपला भाग पाठवला, बारा स्लाइड आणि चार चार्ट, पेस्ट केला आणि एकाही रंगाला हात लावावा लागला नाही.